डांगराच्या डोक्यावरची कुंची

साळवे सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात एकाच्या सातबाऱ्याची प्रिंट काढत होते. फोन त्यांच्या सुनेचा, सुजाताचा. "ताई, आई गेल्या. आत्ताच," एवढंच ती बोलली. मी प्रिंट पूर्ण काढून दिली, कॉम्प्युटर बंद केला आणि शटर ओढलं. आदल्या दिवशी संध्याकाळी मी त्यांना श्रीरामपूरच्या दवाखान्यात भेटून आले होते. हृदयाचं दुखणं होतं, जास्त बोलायचं नाही अशी ताकीद होती. त्यांनी मला खुणेनं जवळ बोलावलं, ऑक्सिजनचा मास्क जरा उचलला आणि विचारलं, "साईटवर कोन आलं का?" मी म्हटलं, "कोणी नाही. तुम्ही पडून राहा." तर म्हणाल्या, "तू बघितलंच न्हाई, मंदा. तोंडावरून कळतंय." आणि मास्क परत लावून घेतला. मी खरंच बघितलं नव्हतं... त्यांचं माझं शेवटचं बोलणं ते हेच.

आता दीड महिना झाला. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, त्यात खूप माणसं त्यांच्याबद्दल फार चांगलं बोलली. त्यागमूर्ती, सेवाव्रती वगैरे. सिस्टर समोर असत्या तर म्हणाल्या असत्या, "आवरा आता, लोकांना जेवायचं हाय." म्हणून मी तसलं काही लिहिणार नाही. मला त्यांच्या वेबसाइटबद्दल लिहायचं आहे, कारण ती मी बनवली आणि ती बनवताना मी आयुष्यात कधी हसले नव्हते तेवढी हसले.

सिस्टर आमच्या बेलापुरातच, गल्लीच्या टोकाच्या घरात राहायच्या. सगळी नोकरी आरोग्य उपकेंद्रात नर्स म्हणून केलेली. माझ्या दोन्ही मुलांना लसी त्यांनीच टोचल्या, तशा आसपासच्या निम्म्या गावांतल्या मुलांनाही. ऊसतोडीच्या हंगामात मजूर कोप्या टाकून राहायचे, तेव्हा तिथल्या बाळंतिणींना बघायला त्या जायच्या. कोवळं बाळ जुन्या लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलेलं आणि बाहेर थंडी. तेव्हापासून त्या घरी मशीनवर कुंच्या शिवायला लागल्या. डोक्यावरून पाठीपर्यंत उतरणारी, हनुवटीखाली बंदानं बांधायची कुंची. लस टोचायच्या पेटीबरोबर पिशवीत दोन-चार कुंच्या असायच्याच. निवृत्त झाल्यावर लस टोचायची पेटी गेली, पिशवी राहिली. मग एक दिवस माझ्या दुकानात येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "मला धंदा काढायचाय. बाळंतविड्याचा. कुंची, टोपडं, झबलं, दुपटं. तू ते इंटरनेटवर टाकून दे."

मी म्हटलं, "इंटरनेट कशाला? गावात नुसतं सांगा, रांग लागेल तुमच्या दारात."

"तेच तर नको ना," त्या म्हणाल्या. "ओळखीचं मानूस भिडेखातर घेतंय. सिस्टरनी शिवलंय, नाय कसं म्हनायचं? मला अनोळखी गिऱ्हाईक पायजे. एक जरी आलं ना, जिला माझं नाव-गाव काय म्हाईत न्हाई आन् नुसतं काम बघून घेतलं, तर मी म्हनंन, मला शिवता येतं."

त्या हे हसत म्हणाल्या, पण ते हसण्यावारी नव्हतं. सिस्टरांचा मान मोठा होता हे खरं. तरी काही घरांत लस टोचायला सिस्टर चालायच्या आणि प्यायचं पाणी अंगणात मिळायचं, हेही खरं. माझ्या सासूबाईंनी एकदा दिलं होतं तसं. मी तेव्हा नवीन नवरी होते, आत उभी राहून बघत होते आणि काही बोलले नाही. सिस्टरांनी तो विषय पुढच्या वीस-बावीस वर्षांत एकदाही काढला नाही. मीही काढला नाही. पण ओळखीपाळखीशिवायचं गिऱ्हाईक त्यांना का हवं होतं, हे मला समजावून सांगायची गरज नव्हती. मी म्हटलं, "बसा. करू."

फुकटात वेबसाइट बनवून देणाऱ्या कंपन्या असतात. तयार साचा निवडायचा, त्यांची चित्रं काढून आपली टाकायची, त्यांचा मजकूर पुसून आपला लिहायचा. अट एकच, की पत्त्यात आपल्या नावापुढे त्यांचंही नाव लागतं. हे ऐकल्यावर सिस्टर म्हणाल्या, "म्हंजी लगीन केल्यावानीच की. आडनाव त्यांचं लावायचं, राबायचं आपुन." मी सुचवलं, काहीतरी गोड नाव ठेवू, छकुली कलेक्शन वगैरे. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "साळवे सिस्टर. आडनावासकट लिही. घ्यायचं ते घेतील."

साच्यावर एका गोऱ्यापान बाळाचा मोठा फोटो होता. सिस्टर स्क्रीनला नाक लावून म्हणाल्या, "ह्याच्या डोक्याला काय न्हाई. शिंकतंय बघ आता." तो काढला. मग आपला फोटो कोणाचा टाकायचा? सुजाताच्या बहिणीचं बाळ होतं, शेजारी एक होतं, पण सिस्टर ऐकेनात. लोकांचं लेकरू बाजारात मांडायचं नाही, हा त्यांचा नियम. बाहुलीचं डोकं फार लहान पडलं. तांब्याला कुंची घालून बघितली, ती भूत दिसायला लागली. आम्ही दोघी आठवडे बाजारात गेलो आणि सिस्टर डांगरांच्या ढिगापुढे थांबल्या. डांगर म्हणजे लाल भोपळा. एकेक उचलून हातात तोलत होत्या, थोपटत होत्या. विकणारी बाई वैतागून म्हणाली, "सिस्टर, भाजी करायची का पाळन्यात घालायचाय?" त्या म्हणाल्या, "पाळन्यातच. हा वजन कर." काटा पावणेतीन किलोवर थांबला. "नॉर्मल हाय," सिस्टर म्हणाल्या आणि पिशवी पुढे केली.

दुपारच्या उन्हात, त्यांच्या ओट्यावर, फिकट पिवळी कुंची घातलेल्या डांगराचा फोटो मी मोबाईलवर काढला. तोच साईटवर पहिल्या पानावर आहे. डांगराची भाजी सिस्टरांनी संध्याकाळी डब्यात घालून पाठवली. माझ्या नवऱ्याला दोन घास खाल्ल्यावर सांगितलं की ह्याचा आज फोटो काढलाय, तर तो उरलेलं खाईना.

"आमच्याविषयी" या पानावर मी लिहिलं होतं, दर्जेदार उत्पादने, ग्राहकांचे समाधान, असं काहीबाही. सिस्टरांनी ते वाचलं आणि विचारलं, "हे कोन बोलतंय?" मग स्वतः कागदावर लिहून दिलं. ते असं होतं: "मी साळवे सिस्टर. मी बाळंतविडा शिवते. सुती कापड वापरते. जरीचा काठ लावत नाही, तो बाळाला टोचतो. बटण लावत नाही, ते बाळ गिळते. कपडे धुऊन, इस्त्री करून पाठवते. तरी तुम्ही परत धुवा."

शेवटी राहिला ऑर्डरचा फॉर्म. नाव, पत्ता, फोन, काय पाहिजे. सिस्टर म्हणाल्या, दोन प्रश्न कमी आहेत. पहिला, "कोणाच्या ओळखीने आलात?" तो मला समजला, अनोळखी माणूस ओळखायला तो लागणारच होता. दुसरा, "कितवा महिना, आणि हिमोग्लोबिन किती?"

"सिस्टर, माणसं टोपडं घ्यायला येणार. त्यांना हिमोग्लोबिन कसं विचारायचं?"

"तोंडानं विचारत हुते, आता लिहून इचार. आन् ती तांबडी चांदनी लाव त्याला."

तांबडी चांदणी म्हणजे ती जागा भरल्याशिवाय फॉर्म पुढे जात नाही. मी लावली. जगात टोपडं विकण्याआधी रक्त तपासायला लावणारी दुसरी वेबसाइट असेल असं मला वाटत नाही.

पहिली ऑर्डर आठवडाभरात आली, राहात्याहून. ओळखीच्या जागी लिहिलेलं, "आईच्या. मला तुम्हीच लस दिली." दुसरी पुण्याहून. "तुमच्या सुईची खूण अजून दंडावर आहे." तिसरी थेट बंगळुरूची आली, माणसाचं नाव वेगळंच, ओळखीच्या जागी नुसती रेघ मारलेली. सिस्टरांचा चेहरा उजळला. मी म्हटलं, "आता फोन करू नका, नुसतं पार्सल पाठवा." पण बाळंतिणीची चौकशी केल्याशिवाय त्यांना राहवेना. दहा मिनिटांनी फोन ठेवला आणि कपाळावर हात मारला. "त्याची बायको आपल्या शेजारच्या उक्कलगावची निघाली गं! तिच्या आजीचं कंबरडं मीच शेकलंय." सुजाता आणि मी पोट धरून हसत होतो. असे पाच-सहा महिने गेले. ऑर्डरी येत होत्या, शिवण चालू होतं, आणि प्रत्येक गिऱ्हाईक कुठून ना कुठून सिस्टरांचंच निघत होतं. हळूहळू त्या फॉर्म वाचायला यायच्या तेव्हा आधी विचारायला लागल्या, "ह्यो कोनाचा?" तेव्हा त्या हसत नसत. मी बघितलं होतं ते.

मग एक दिवस कुडाळहून ऑर्डर आली. मानसी नावाची बाई, पहिलटकरीण. सहावा महिना, हिमोग्लोबिन दहा पूर्णांक चार. आणि कोणाच्या ओळखीने? तिनं लिहिलं होतं: "कोणाच्याच नाही. भोपळा बघून हसू आलं, मग शिवण मोठं करून बघितलं. फार सुबक आहे."

सिस्टरांनी ते तीनदा वाचलं. चष्मा काढून पदरानं पुसला, परत घातला, आणि म्हणाल्या, "प्रिंट काढ." काढली. "लॅमिनेट कर." केली. ती त्यांनी घरी नेऊन मशीनच्या वर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली खिळ्याला टांगली. त्या संध्याकाळी गल्लीत सगळ्यांना जिलबी वाटली. आमच्या घरी आल्या तेव्हा सासूबाई दारातल्या खुर्चीवर होत्या. आता थकल्या आहेत, ऐकू कमी येतं. सिस्टरांनी ओरडून सांगितलं, "कुडाळच्या बाईनं घेतली कुंची, आक्का! मला वळखत न्हाई ती!" सासूबाईंनी जिलबी घेतली, तोंडात घातली आणि मला हाक मारली, "मंदे, सिस्टरला आत घे. च्या टाक." सिस्टर आत आल्या, चहा प्याल्या. एवढंच झालं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मानसीला फोन लावला. मी हात जोडले, नका करू म्हणून. "दहा पूर्नांक चार हाय ती," सिस्टर म्हणाल्या, "नुसती कुंची पाठवून काय करू?" पाऊण तास बोलल्या. माहेर कुठलं, सासू काय खायला देते, पाय सुजतात का, लोखंडी कढई घरात आहे का. फोन ठेवल्यावर माझ्याकडे बघून हसायला लागल्या, खांदे हलेपर्यंत. "गेली! एक अनोळखी गावली हुती, ती बी ओळखीची झाली. आता दुसरी शोधायला पायजे."

ती शोधायचं काम चालू असतानाच त्या गेल्या.

परवा मी त्यांच्या घरी गेले. सुजाता म्हणाली, "ताई, ते साईटचं बंद करून टाका आता. लोक पैसे भरतील आणि माल जायचा नाही." बरोबर होतं तिचं. फुकटची साईट बंद करायलाही फुकटच, दोन मिनिटांचं काम. मशीनपाशीच स्टुलावर बसून मी मोबाईलवर साईट उघडली. आत एक ऑर्डर येऊन पडलेली होती. तारीख बघितली. मी दवाखान्यात "कोणी नाही" म्हटलं त्याच दिवसाची, दुपारची.

पुन्हा कुडाळच. नाव पूर्वा. पाचवा महिना. हिमोग्लोबिनच्या जागी "माहीत नाही" लिहून तिनं तांबडी चांदणी चुकवली होती. कोणाच्या ओळखीने आलात? "साळवे सिस्टरांच्या."

मी नंबर लावला. पूर्वा ही मानसीची नणंद. मी विचारलं, "तुम्ही सिस्टरांना भेटला होता का कधी? फोनवर बोलला होता?" ती म्हणाली, "नाही हो. पण आमच्या घरात रोज त्यांचंच चालू असतं. सिस्टरनी पालेभाजी लोखंडी कढईत करायला सांगितलंय, सिस्टरनी बाळाला वारं लागू देऊ नका म्हटलंय. वहिनी तर आता माझ्या मागे लागलीय. सिस्टर आहेत का तिथं? द्या ना जरा."

मी तिला सांगितलं. सरळ सांगितलं, दुसरं मला जमत नाही. ती म्हणाली, "मग ऑर्डर राहू दे का?"

मी सुजाताकडे बघितलं. आवाज बाहेर येत होता, तिनं ऐकलं होतं. तिनं मशीनखालची ट्रंक ओढून उघडली. कुंच्या घड्या घालून ठेवलेल्या होत्या, धुऊन, इस्त्री करून. तिनं मोजल्या. "अकरा आहेत," ती म्हणाली. "बारावी मी शिवून बघते. शिकवलंय त्यांनी."

तेव्हा मी फोनवर म्हटलं, "राहू कशाला द्यायची? पण उद्या सकाळी जाऊन रक्त तपासून घ्या आणि मला आकडा कळवा. त्याशिवाय पार्सल निघत नाही आमचं."

दुसऱ्या दिवशी दुपारी आकडा आला. नऊ पूर्णांक आठ. मी पार्सल बांधलं, आणि मग पाऊण तास फोनवर बोलत बसले.