धाकटीच्या बिलावरचा हैदराबाद

धाकट्या जावेच्या दारात हैदराबादच्या व्यापाऱ्याचा टेम्पो मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा घरात जाऊन आधी संगणक लावला. जीएसटीच्या संकेतस्थळावर कोणाचाही नोंदणी क्रमांक टाकला की त्याची माहिती दिसते. तिचा क्रमांक तिच्या पाटीवर होता. राज्याबाहेर माल पाठवून ती नियम मोडत असेल, अशी माझी खात्री होती. खरं सांगायचं तर तशी इच्छा होती.

आम्ही दोघी सोलापुरात शेंगाचटणी करतो. सासूबाईंनी दोघींना एकाच उखळात कांडायला शिकवलं. चटणीला तेल सुटेपर्यंत हात थांबवायचा नाही, हा त्यांचा नियम. धाकटी लवकर थांबायची. आजही तिची चटणी कोरडी असते. हे मी एकटी म्हणत नाही, पण सर्वांत जास्त वेळा मीच म्हणते.

तो व्यापारी आधी माझ्याकडे आला होता. बोटावर चटणी घेतली, डोळे मिटले, मान डोलावली. मग त्याची नजर दारावरच्या पाटीवर गेली. तिच्यावर नियमाप्रमाणे 'कंपोझिशन करदाता' असं लिहिलेलं आहे. ही लहान व्यावसायिकांसाठीची सोपी योजना. कागदपत्रं कमी, पण ग्राहकाकडून कर घेता येत नाही आणि राज्याबाहेर माल विकता येत नाही. तो हसून उठला. चहासुद्धा प्याला नाही.

संकेतस्थळावर धाकटीच्या नावापुढे करदात्याचा प्रकार होता, 'नियमित'. म्हणजे तिला हैदराबाद मोकळं होतं. मी दोनदा तपासलं.

संध्याकाळी तिच्याकडे गेले. ती खोकी बांधत होती.

"नियमितचं तुला कोणी सुचवलं?" मी विचारलं.

"तुमीच की, अक्का."

"मी कधी?"

तिने पिठाच्या डब्यामागून कात्रण काढलं. मी वर्तमानपत्रात नोकरीला होते तेव्हा लिहिलेलं, 'राज्याबाहेर विक्री करायची असेल तर'. वर नाव नव्हतं, पण वाक्यं माझी होती. शेवटच्या ओळीत लिहिलं होतं, धंदा वाढवायचा विचार असेल तर सोप्या योजनेच्या मोहात पडू नये.

"लई सोपं लिवलंय. मला बी कळलं म्हंजे बघा," ती म्हणाली. "तुमी का न्हाई केलं?"

कागदपत्रांचा कंटाळा, हे उत्तर होतं. मी एक खोकं तिच्याकडे सरकवलं.

तिने खोक्याची दोरी ओढली. "हैदराबादला पुढच्या आठवड्यात दुप्पट माल पायजे. माज्यानं एवढं व्हत न्हाई. निम्मा तुमी कांडता का? तुमच्या हातची त्येला आवडली हुती, त्योच म्हनला."

त्यानेच तिला सांगितलं होतं. आणि तिने ते मला सांगितलं. मी तिच्या जागी असते तर सांगितलं नसतं.

मी मनात नियम तपासले. सोलापुरातल्या सोलापुरात मी तिला माल कांडून देऊ शकत होते, ती तो पुढे पाठवू शकत होती. मी योजनेतून बाहेर पडायचा अर्ज करून तो मार्गी लागेपर्यंत आठवडा उलटून गेला असता. तोवर माझी चटणी हैदराबादला जायची ती धाकटीच्या पुड्यांतून आणि धाकटीच्या बिलावर.

"पुड्यावर नाव कुणाचं?" मी तरीही विचारलं.

"माजंच लागंल न्हवं? तुमीच लिवलंय."

ते मी लिहिलं नव्हतं. शेंगा कधी पाठवतेस, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी, तेल सुटल्यावरही मी बराच वेळ कांडत राहिले.