चहा सोडला तेव्हा

राखेच्या बुधवारी चर्चमध्ये कपाळावर राख लावून घेतली आणि ईस्टरपर्यंतच्या उपवासासाठी चहा सोडला. दरवर्षी सोडते. शेजारच्या सुमनमावशी अंथरुणाला खिळल्यात, म्हणून दुपारी त्यांच्यापुरता चहा करून दिला. तर म्हणाल्या, “एकटीनं प्यायला हे काय हॉटेल आहे? तू घे, मग मी घेते.”

उपवासाचं सांगितलं असतं, तर त्यांनीही कप खाली ठेवला असता. मग रोजच दोन कप. देवापुढे रोज ओशाळायचं.

आज त्यांना घोटभरही गिळवेना. त्यांनी डोळ्यांनीच माझ्या कपाकडे खूण केली. माझ्या हातात दुसरं होतं तरी काय? त्या बघत राहिल्या, म्हणून मी प्यायले. चहा सोडणं किती सोपं होतं. हा एक कप संपवणं जड गेलं.