झोक्यावरचा आवाज कुणाचा

लिहायला बसलो आहे खरा, पण हे माझं काम नव्हे हे मला कळतं. आमच्या घरात कॉलेजात जाणारा मी पहिलाच, आणि परीक्षेच्या पेपराबाहेर मी कधी काही लिहिलेलं नाही. ज्यांना नीट लिहिता येतं त्यांनी मला माफ करावं. ही गोष्ट दुसरं कुणी सांगेल म्हणून मी वाट पाहिली. कुणी सांगितली नाही.

धुळ्याकडच्या आमच्या गावात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोके बांधतात. सासरी गेलेल्या मुलींना आणायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. मुली झोक्यावर बसून भावाला हाक मारणारी गाणी म्हणतात. त्यातल्या एका गाण्यात नावापुरती जागा मोकळी असते. जी झोक्यावर बसेल तिने आपल्या भावाचं नाव तिथे घालायचं.

माझ्या वडिलांची मोठी वहिनी, म्हणजे आमची मोठी माय, दोन वर्षांपूर्वीच्या आखाजीला माहेरी गेली नव्हती. तिचं माहेर चोपड्याकडे. भावाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, तो येऊ शकला नाही. दुपारी ती अंगणातल्या निंबाच्या झोक्यावर एकटीच बसली आणि गाऊ लागली. मी फोन काढला.

"भाऊ, मन्हं तोंड नको काढू," ती म्हणाली. "नुसता आवाज काढ."

शेजारची काकू ओट्यावरून म्हणाली, "बरं शे. तोंड दखाडशी तं बठ्ठा पयी जातीन."

चेहरा दिसला तर सगळे पळून जातील म्हणे. म्हणून त्या व्हिडिओत मोठी माय नाही. तिचे पाय आहेत, ते पुढे येतात आणि वर निघून जातात. बाकी उन्हातली सावली आणि आवाज. झोका खाली आला की ती श्वास घ्यायची, तोही ऐकू येतो. मी तो व्हिडिओ माझ्या पानावर टाकला. शहरात राहणाऱ्या कितीतरी बायकांनी खाली आपापल्या भावांची नावं लिहिली. मोठी मायला ते वाचून दाखवलं तेव्हा ती खूप हसली.

थंडीत ती गेली.

त्यानंतर चैत्रात मी जळगावहून एसटीने घरी निघालो होतो. पारोळ्याच्या पुढे गाडीतले बहुतेक लोक झोपले होते. मागच्या सीटवरून मोठी माय गाऊ लागली. मी वळून पाहिलं नाही, मला पाहवेना. ती हाक मारत होती, पण ते नाव तिच्या भावाचं नव्हतं. भलत्याच कुणाला तरी ती बोलावत होती. ते संपलं की दुसरं नाव, मग तिसरं. आणि ती मध्ये श्वासच घेत नव्हती.

मागे एक मुलगी होती. तिने मला फोन दाखवला. कुणीतरी तो आवाज उचलून असं काही केलं होतं की आपण नाव लिहायचं आणि आवाज त्या नावाला बोलावतो. "किती गोड आहे ना," ती म्हणाली. "मशीनचा आहे."

मी हो म्हणालो.

आखाजीच्या दिवशी, गेलेल्या माणसाच्या नावाने भरतात तशी आईने मोठी मायच्या नावाने घागर भरली. वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं, सांजोऱ्या ठेवल्या. तेवढ्यात दारात मोठी मायचा भाऊ उभा. आम्ही त्यांना आबा म्हणतो. धुतलेलं धोतर, काखेत नवं लुगडं. बहिणीला न्यायला एकटेच आले होते.

"तिले लेवाले उनू मी," ते म्हणाले. "कवयची माले बलाई ऱ्हायनी."

मोठी मायला अग्नी दिला तेव्हा आबा तिथे होते. पण हल्ली त्यांच्या लक्षात राहत नाही. त्यांनी घागरीकडे पाहिलं. "ही घागर कोनी शे?"

 वडिलांनी त्यांना हाताला धरून बसवलं आणि घागर कुणाची ते हळूच सांगितलं. आबा आमच्याकडे पाहून हसले, लहान मुलाची समजूत काढावी तसे.

"मरेल मानूस काय फोन करस?"

आणि फोन काढून त्यांनी आम्हाला ऐकवलं. आवाज मोठी मायचा, नाव त्यांचंच; कुणीतरी ते लिहून दिलं असावं. आई आत निघून गेली.

संध्याकाळी त्यांचा मुलगा न्यायला आला. फोन काढून घेऊन काही उपयोग नाही, असं तो म्हणाला. आखाजी जवळ आल्यापासून गावात ज्याच्या त्याच्या फोनवर तेच वाजतं आणि आबा उठून चालू लागतात. एकदा भर उन्हात तापीच्या पुलावर सापडले होते. "तू टाकेल शे ना? तूच बंद कर," तो मला म्हणाला. "नाहीतर एक दिवस ते रस्त्यात जातील."

मी कॉलेजात कायदा शिकवणाऱ्या सरांकडे गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "गाणं कुणाचंच नाही, पिढ्यांचं आहे," ते म्हणाले. "व्हिडिओ तुझा, कारण फोन तू धरला होतास. पण खातं उघडताना तू 'मान्य आहे' दाबलंस, म्हणजे वापरायची परवानगी देऊन बसलास."

"आणि आवाज, सर?"

"आवाज तिचा. ती तक्रार करेल का?" असं बोलून गेल्यावर सरांनी समोरचं पुस्तक मिटलं. मग म्हणाले, "तू कर. बघू."

मी केली. ज्या साइटवर माझं पान होतं आणि तो आवाजही होता, त्या साइटवाल्यांनी विचारलं, व्हिडिओतली व्यक्ती कोण हे चेहऱ्यावरून ओळखता येतं का? मी पायांबद्दल लिहिलं. त्यांनी मूळ चित्रण मागितलं, पण माझा तो फोन तोवर बिघडला होता. जे होतं ते पानावरच होतं. मी मृत्यूचा दाखला पाठवला, वडिलांची सही पाठवली. उत्तर यायचं, तपास चालू आहे. हॉस्टेलवर मी रोज एकदा तो व्हिडिओ लावायचो. खरी मोठी माय श्वास घेते हे ऐकून घ्यायचो, कारण बाकी सगळीकडे दुसरीच ऐकू येत होती. कधी कधी क्षणभर मला फरक कळायचा नाही.

वर्ष सरलं. या आखाजीला आईने पुन्हा घागर भरली. आबाही आले, या वेळी मुलगा मागोमाग चालत होता. त्यांना अडवून थकलो, तो म्हणाला. आबा ओट्यावर बसले, लुगडं मांडीवर. आईने पाणी दिलं. "तिनं आवरं का?" त्यांनी आईला विचारलं, बहीण आत निघायची तयारी करत असावी तसं.

तेव्हाच माझ्या फोनवर साइटवाल्यांचं उत्तर आलं. वडिलांनी विचारलं, "काय लिखेल शे?"

मी आधी मनात वाचलं, मग सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं. तपास पूर्ण झाला होता. तो आवाज, तो उचलून नावांना हाक मारायला लावणाऱ्या दुसऱ्या खात्याच्या मालकीचा म्हणून आधीच नोंदलेला होता. आमच्या अंगणातला व्हिडिओ त्या आवाजाची नक्कल ठरला होता, आणि म्हणून तो आजपासून काढून टाकण्यात आला होता.