जुबैलच्या मेसमधला पुढचा बाक

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर जुबैलचं वर्णन करता करता मी ती कुठेतरी दडवीन. एका माणसाला घरच्यांची खबर हवी होती आणि मी तिथे क्रिकेट लावलं.

सौदीत दम्मामहून जुबैलचा रस्ता सरळसोट. एकीकडे वाळू, दुसरीकडे कारखान्यांची धुराडी. माझा शाळासोबती दाऊद, मूळचा राजापूरचा, इथे पाइपफिटरांचा फोरमन आहे. शुक्रवारी दुपारी त्याने मला कॅम्पच्या मेसमध्ये नेलं. कोंबडीचा कब्सा (मसालेभात) आणि गावाहून आलेलं लोणचं.

"खा रे मेल्या, लाजतोस काय नव्या जावयासारखा!" म्हणत त्याने आणखी वाढलं. तेवढ्यात साइटवरून फोन आला आणि तो बाहेर गेला.

मेसमध्ये एकच टीव्ही. त्यावर आफ्रिकेसाठीची बातम्यांची वाहिनी, दर अर्ध्या तासाला भाषा बदलणारी. अरबी लागलं की सुदानी पुढच्या बाकावर बसतात. फ्रेंच लागलं की ते उठतात आणि सेनेगलचे वेल्डर बसतात. कुणी कुणाला सांगत नाही. मी वहीत लिहिलं, 'परस्परांची केवढी ही जाण!' लिहून होतंय तोच फ्रेंच संपलं, बाक रिकामा झाला. मला वाटलं, आता कुणी बघत नाही. रिमोट उचलून मी भारताची मॅच लावली.

हात पुसत एक उंच केनियन आला. जोसेफ, परांच्या बांधणारा. मला पाहून थबकला.

"आइए, बैठिए," मी उदारपणे सरकलो.

"आप देखो. मेहमान हो," तो कॅम्पात शिकलेल्या हिंदीत म्हणाला आणि मागे उभाच राहिला. अर्धा तास. त्याला खेळाची गोडी लागली असं समजून मी पायचीतचा नियम समजावला. तो "अच्छा, अच्छा" म्हणत राहिला.

तो गेल्यावर दाऊद परतला. टीव्ही पाहून त्याने कपाळाला हात लावला.

"काय केलंस रे! जोसेफच्या गावात पूर आलाय. दोन दिवस घरी फोन लागत नाय. मोबाइलवर नुसत्या अफवा. स्वाहिलीतल्या बातम्या दिवसातून एकदाच, त्यात गावांची नावं सांगतात."

"मग कुणी बोललं का नाही?"

"पाव्हण्याच्या हातातून रिमोट काढून घेतात होय?"

दुसऱ्या दिवशी परतीचं विमान होतं. त्याआधी सकाळी मी कंपनीच्या बसपाशी जोसेफला गाठलं. बरंच बोललो: मला किती वाईट वाटलं, जेवण कसं गेलं नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं. ड्रायव्हर "यल्ला!" (चला) ओरडला, तेव्हा कुठे कळलं की हजारो मैल येऊन मी अजून माझीच बातमी देतोय.

"घरवाले?" मी विचारलं.

"भाई का फोन आया. बीवी-बच्चे मिल गये. माँ अभी नहीं मिली."

पाठ केलेलं सारं मी सोडून दिलं.

"जोसेफभाई," मी म्हणालो, "आपकी खबर मैंने बंद की. पूछा भी नहीं. मुझे माफ करो."