सनद नसलेला माणूस

त्या काळी नाशकात मी एका वकिलांकडे कारकून होतो. पक्षकाराचं म्हणणं ऐकायचं, अर्जाचा मसुदा करायचा, कागद लावून द्यायचे आणि कोर्टात वकिलांच्या मागे बसायचं, एवढं माझं काम. बोलायचं मात्र वकिलांनी.

शहराबाहेर फुलं नि भाजी पिकवणारी एक विधवा बाई आमची पक्षकार होती. तिच्या चुलत दिराने सामाईक विहिरीकडे जाणारी वाट काटे लावून बंद केली होती. तिचे बैल मोटेपर्यंत पोचत नव्हते, झेंडू वाळत होता. वकिलांनी मला जागा पाहायला पाठवलं. मी पाहून आलो, अर्ज लिहिला.

सुनावणीच्या सकाळी वकील हिवतापाने अंथरुणाला खिळले. दुसरे वकील मोकळे नव्हते. कोर्टाच्या ओट्यावर बाई म्हणाली, "तुमी समदं पाहिलंय. तुमीच बोला ना."

"मला वकिलीची सनद नाही, बाई. मला कोर्टात बोलता येत नाही."

पुकारा झाला. मी उठून वकिलांच्या तापाचं सांगितलं. जज्जसाहेबांनी विचारलं, "आपण कोण?"

"त्यांचा कारकून."

"बसा." मग ते बाईकडे वळले. "पुढची तारीख हवी का?"

"तवर झेंडू ऱ्हाईल का, साहेब?"

दिराचे वकील म्हणाले, विहिरीला ओढ्याकडून दुसरी वाट आहे. बाई थेट त्यांच्याशीच बोलू लागली. "हाय ना. पन तिथं दरड लय उभी हाय. मानूस चढतो, बैल चढत नाय. तुमी येऊन बगा."

ती दरड मी स्वतः चढलो होतो.

जज्जसाहेबांनी काटे काढून निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवायचा हुकूम दिला. संध्याकाळी वकिलांना सगळं सांगितलं. ते पांघरुणातूनच म्हणाले, "बरं झालं. आता साक्षीदारांचं बघा."

साक्षीची वेळ आली नाही. दीर तडजोडीला तयार झाला. अंगठा घेण्याआधी मी बाईला मसुदा वाचून दाखवला. 'वाट वापरण्याची मुभा' या शब्दांवर तिने मला थांबवलं.

"मुभा म्हंजी?"

"म्हणजे त्यांनी तुम्हाला जाऊ द्यायचं."

"आन् उद्या नाय म्हनला तर?"

मी कागद घेऊन आत वकिलांकडे गेलो आणि तिचा प्रश्न सांगितला. त्यांनी 'मुभा' खोडून 'हक्क' लिहिलं आणि दिराच्या वकिलांकडे गेले. बरीच बोलाचाली झाली, पण शब्द राहिला. मी नवी प्रत लिहून काढली आणि ती बाईला पुन्हा पहिल्यापासून वाचून दाखवली.