नसीमआपाच्या फायली

हे मी कुणालाच सांगितलं नाय. आईला नाय, रूमपार्टनरला नाय. आणि मी तर असा, की चहा पिताना पण तोंड बंद राहत नाय — मग हेच बरं इतकी वर्षं आत राहिलं?

मी बिडकीनचा. शाळेत हेडसरांची नक्कल करून मार खाल्लेला. तसलाच शहरात आलो, दुष्काळाच्या साली, टँकरच्या तक्रारी घेणाऱ्या एका खासगी ऑफिसात लागलो. नव्या कॉलन्या उठत होत्या, नळ कोरडे, फोन दिवसभर. फोनवर नसीमआपा. घरात कमावणारी ती एकटीच, हे सगळ्यांना माहीत होतं. तक्रार ऐकायची, टाइप करायची, फाइल सेव्ह करायची. फायलीला नाव बोलल्यासारखं — 'गारखेडा शाळेमागची गल्ली'. मधी मोकळी जागा सोडून. माणसानं वाचावं असं.

त्या ढिगातून साहेबांना पाहिजे ती तक्रार शोधून द्यायचं काम माझं. कॉम्प्युटरच्या काळ्या स्क्रीनवर मी हुकमांची एक ओळ लिहिलेली. तिच्यातली एक कमांड फायलींची नावं गोळा करून पुढं द्यायची, दुसरी त्या फायलींत शब्द शोधायची. लई ऐट होती मला त्या ओळीची. फक्त ती चालवली की बारीक बारीक एरर यायचे — फाइल सापडली नाही, फाइल सापडली नाही. मी ते वाचले नव्हते का? वाचले होते. वाचून काय केलं? साहेबांसमोर बरं दिसत नाय म्हणून — एरर दिसूच नयेत अशी सोय केली.

मग गारखेड्याची माणसं ऑफिसात आली. टँकर येतच नाय, रोज फोन करतो म्हणे. साहेब म्हणले, शोध. मी शोधलं. काहीच नाय.

"मैं लिखी ना रे," आपा म्हणाली. "फोल्डर खोल के देख, बेटा."

"मशीन कशाला खोटं बोलंल, आपा?" मी म्हणलो.

सगळे हसले. फोल्डर कुणी उघडलंच नाय. फोन नुसती ऐकते, लिहीत नाय, म्हणून साहेबांनी तिला काढलं.

ती गेल्यावर माझ्या मामाची तक्रार शोधत होतो. फाइल फोल्डरात डोळ्यांना दिसत होती, आणि माझी ओळ म्हणत होती — नाय. एरर परत चालू केले. तवा कळलं. नावात मोकळी जागा आली की माझी ओळ नाव तिथंच तोडायची; एका शब्दाच्या नावाच्या फायली तेवढ्या सापडायच्या. 'गारखेडा' एक फाइल, 'शाळेमागची' दुसरी, 'गल्ली' तिसरी. असल्या फायली असतील कुठं? नावं अख्खी ठेवायची खूण दोन्ही कमांडींना लावली, गारखेडा टाकून परत चालवलं. आपाच्या तक्रारी भसाभसा वर आल्या. रोजच्या. लिहिल्या होत्या तिनं.

साहेब मागंच बसले होते. मी मान वळवून सांगितलं असतं तर — नाय वळवली. स्क्रीनवरचं सगळं पुसून टाकलं.

त्याच दुपारी डबे उघडताना ऑफिसातली पोरं नेहमीसारखी म्हणली, आपाची नक्कल कर की. मला तर आता माहीत होतं. तरी उठलो. डोक्यावर ओढणी सारखी केल्यासारखा हात फिरवला, आवाज जरा थरथरता काढला — मैं लिखी ना रे.

लई जमली. आधी कधीच इतकी जमली नव्हती. पोरं म्हणली, परत. मी परत केली.