पुस्तकात हे लग्न नाही

माउंट रॉस्किलच्या आमच्या गॅरेजमध्ये रविवारी माणसं जमली की दाराशी जँडल्सचा, म्हणजे इथल्या रबरी चपलांचा, ढीग साचायचा आणि आत किस्स्यांचा. हाताला लागतील तसे सांगतो.

माझ्या दादाचा जीव एका जाडजूड इंग्रजी कादंबरीवर आणि तिच्यावरून काढलेल्या जुन्या कृष्णधवल हॉलिवूड सिनेमावर. दर हिवाळ्यात तो आम्हाला दाखवायचा. मी दहावी नापास, घरं रंगवतो. पडदा म्हणून गॅरेजची भिंत मीच पांढरी केलेली. दादाचा नियम एकच: सिनेमानं पुस्तक सोडलं की पॉज. मग उभा राहून पुस्तकात काय आहे ते सांगणार.

“अरे, सिनेमाला आलोय की प्रवचनाला?” समोरच्या घरातले बापटकाका दरवेळी विचारायचे. आणि दरवर्षी यायचे.

*

एकदा काका म्हणाले, “मीही कॉलेजात वाचलीय ती.”

“त्यातला डॉक्टर कसा वाटला?” दादानं विचारलं.

“अप्रतिम!”

“पुस्तकात डॉक्टरच नाही, काका. तो सिनेमावाल्यांनी घातलाय.”

काका शांतपणे चहा ढवळत राहिले. “माझ्या आवृत्तीत होता.”

*

शेजारचा रॉजर चिप्स घेऊन यायचा. दादा सगळं मराठीतच सांगायचा. मी रॉजरला विचारलं, “तुला काय कळतं यातलं?”

“काही नाही,” तो म्हणाला. “पण हीरोपेक्षा तुझा भाऊ बरा. स्वीट ॲज.” म्हणजे इथल्या बोलीत एकदम झकास.

*

सिनेमाचा शेवट मात्र आम्ही कधीच पाहिला नाही. सिनेमात नायिकेचं लग्न होतं, पुस्तकात ती एकटीच बोटीनं निघून जाते. लग्नाची घंटा वाजली की दादा प्रोजेक्टरच बंद करायचा आणि ती बोट सांगायचा.

“एकदा तरी लग्न लागू दे रे,” वहिनी म्हणायची. “दरवर्षी अक्षता हातातच राहतात.”

*

मार्चमध्ये दादा गेला. सकाळी ऑफिसला निघाला, तो ट्रेनमध्येच. मला अजून नीट सांगता येत नाही.

जुलैत, इथल्या हिवाळ्यात, वहिनीच म्हणाली, “लाव सिनेमा.”

रिमोट माझ्या हातात. ठरवलं, आज कुठे थांबायचं नाही. थांबलो तर माझ्याच्यानं पुढे व्हायचं नाही. त्याच्या पॉजच्या जागा एकेक करून निघून गेल्या. घंटा वाजली.

बापटकाका उठले आणि भिंतीपुढे जाऊन उभे राहिले. नवरीचा झगा त्यांच्या स्वेटरवर पडला.

“थांबव,” ते मला म्हणाले. “पुस्तकात हे लग्न नाही.”

मी थांबवलं.

“मग काय आहे?” वहिनीनं विचारलं.

“ती बोटीत बसते. एकटी. मागं वळून बघत नाही.” काका जरा घुटमळले. “आणि काठावर डॉक्टर उभा असतो.”

“डॉक्टर?”

“माझ्या आवृत्तीत.”